जुन्या गाडीचं इंजिन उघडलंय: कुठला पार्ट वाचवायचा, कुठला सोडायचा?

इंजिन उघडून पार्ट टेबलावर मांडले की नवशिक्याच्या मनात दोन टोकांचे विचार येतात. एक म्हणजे, सगळं नवीन आणू आणि मोकळं होऊ. दुसरा, इतकी वर्षं टिकलंय ते आणखी टिकेल, काहीच बदलायचं नाही. मी दोन्ही करून बघितलंय. पहिल्या वेळी चांगला क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) हातचा घालवला, दुसऱ्या वेळी एका जुन्या बोल्टने अख्खा ब्लॉक फोडला. तेव्हापासून प्रत्येक पार्ट हातात घेतला की मी दोन प्रश्न विचारतो. यात अजून किती धातू शिल्लक आहे? आणि हा चालत्या इंजिनात तुटला तर सोबत काय काय घेऊन जाईल?

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं सांगतो. बोअरिंग (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, मोठं करणं), ग्राइंडिंग, हेड फेसिंग (हेडचं तोंड सपाट कापणं) या सगळ्या कामांत धातू कमी होतो आणि गेलेला धातू सहजी परत येत नाही. सिलिंडर घासला की बोअर वाढवून मोठा पिस्टन टाकतात: आधी २० थाऊ ओव्हरसाइज, मग ३०, ४०, फार झालं तर ६०. क्रँकचं उलटं असतं, तिथे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, १०, २०, ३० थाऊने बारीक होत जातात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. तुमच्या आधीच्या मालकांनी यातलं किती खर्चून टाकलंय ते कळायला हवं. पिस्टनच्या डोक्यावर आणि बेअरिंग शेलच्या (बदलता येणाऱ्या अर्धगोल पातळ बेअरिंगच्या) पाठीवर हे आकडे बहुतेक वेळा ठोकलेले असतात. काजळी पुसून आधी ते वाचा.

उघडण्याआधी

इंजिन फिरत असेल तर न उघडताच ते बरंच काही सांगतं. कॉम्प्रेशन टेस्टपासून, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्यापासून, सुरुवात करा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला सारखेच, चार-पाच स्ट्रोक द्या. आकडा कमी आला म्हणून घाबरायचं कारण नाही. जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनांचं (ज्यांत व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये असतात) कॉम्प्रेशनच मुळात कमी असतं. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल ए चा कॉम्प्रेशन रेशो ४.२२ ला १ इतकाच होता. तेव्हा आजच्या गाडीचे आकडे डोक्यातून काढून टाका आणि सिलिंडरा-सिलिंडरातला फरक बघा. सगळ्यात चांगल्या सिलिंडरपेक्षा एखादा पंधरा टक्क्यांच्या वर मागे असेल तर तिथे काहीतरी आहे. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर बहुधा त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलंय.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर घासलाय. तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघा. मात्र साइड व्हॉल्व्ह इंजिनात ऑइल व्हॉल्व्हवरही पडतं, म्हणून तिथे एवढ्यावरच निकाल देऊ नका. लीक-डाउन टेस्टर मिळाला तर सोन्याहून पिवळं. सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरमध्ये सुस्कारा ऐकू आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडाशी आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. धुराचंही थोडं ऐका. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर येऊन विरला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीवर, घ्यायचा. नवशिके इथे रिंग बदलायला इंजिन खाली उतरवतात, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका, आणि गिअरमध्ये टाकून गाडी ओढायचा मोह तर अजिबात नको. प्लग काढून सिलिंडरमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि दिवसच्या दिवस थांबा. मग क्रँकच्या पुढच्या नटावर लांब पाना लावून थोडं इकडे, थोडं तिकडे असं हलवत राहा. जोर करून वाकलेला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) डोळ्याला दिसत नाही, पण पुढे फार महाग पडतो.

उघडताना

ज्याला सगळे कंटाळतात ते काम इथे येतं: खुणा करणं. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला बसवूनच एकत्र बोअर केलेल्या असतात. त्या आपसांत बदलल्या किंवा उलट्या बसवल्या की क्रँक अडकतो. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप हीदेखील जन्माची जोडी असते. टॅपेट, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारा तुकडा, ज्या कॅमवर घासलाय त्याच कॅमवर परत गेला पाहिजे. प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा, डब्यावर चिठ्ठी लावा. कॅपखाली पातळ पत्र्याचे शिम निघाले तर ते कुठल्या बाजूला किती होते हे लिहून ठेवा, त्यांचं काम पुढे येणार आहे.

मोडका पार्टही फेकू नका. नवा बनवून घ्यायची वेळ आली तर माप त्याच्याच अंगावरून घ्यायचं आहे.

एक सावधगिरी मात्र हसण्यावारी नेऊ नका. जुन्या गॅस्केटमध्ये आणि क्लच-ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडणं, वायर ब्रश फिरवणं, हवेने उडवणं बंद. ओलं करून काढा, चांगला मास्क लावा, कचरा पिशवीत बंद करा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा पोकळ आणि सोडियम भरलेला असू शकतो, असा व्हॉल्व्ह कापायचा नाही. सोडियम पाण्याला लागला की भडकतो.

धुणं आणि तडे शोधणं

मळलेला पार्ट मोजता येत नाही आणि त्यातला तडाही दिसत नाही. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून ब्रशने आतपर्यंत धुवा. क्रँकच्या आतल्या भोकांमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ घट्ट बसलेला असतो, तोही काढायचा. काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग दिसायला झकास, पण इंजिनाच्या आतल्या पार्टवर ते करू नये असं माझं ठाम मत आहे. एखादा मणी गॅलरीत लपून बसतो आणि पहिल्याच दिवशी बेअरिंगमध्ये उतरतो.

तड्यांसाठी लोखंड-पोलादाला मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी करतात. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, म्हणून तिथे डाय पेनिट्रंट वापरायचं: लाल रंग लावा, पुसा, पांढरी पावडर मारा, तड्यातून लाल रेघ वर येते. हाताशी काही नसेल तर जुना उपाय आहेच, रॉकेल आणि खडू. पार्ट रॉकेलमध्ये भिजवा, कोरडा पुसा, खडूची पूड फासा. थोड्या वेळाने तडा ओलसर रेघ होऊन दिसतो. क्रँक दोरीने टांगून हलकी हातोडी मारली तर शाबूत क्रँक घंटेसारखा वाजतो. आवाज बद्द आला तर तो क्रँक तपासणीशिवाय पुढे नेऊ नका. चांगला वाजला म्हणून तपासणी टळत नाही, हेही ध्यानात ठेवा. ब्लॉक आणि हेडच्या वॉटर जॅकेटची प्रेशर टेस्ट वेगळी करून घ्यावी लागते.

ब्लॉक

सगळ्यात वर घासलेल्या बोअरला एक काठ तयार होतो, कारण वरच्या रिंगच्या वर सिलिंडर घासतच नाही. तिथे नख अडलं की समजा झीज आहे. आता बोअर गेजने माप घ्या: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं माप यांत पाच-सहा थाऊंहून जास्त फरक असेल तर नुसत्या नव्या रिंगने भागत नाही, बोअरिंग लागेल. फरक कमी असेल तर काठ काढून, हलकं होनिंग (दगडाने बारीक घासणं) करून, नव्या रिंग घालून इंजिन छान चालतं. काठ काढायचा विसरलात तर नवी वरची रिंग त्याच्यावर आपटून तुटते. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने बघा. बोअरच्या दर इंचाला तीन-चार थाऊ हा ढोबळ हिशेब.

बोअर शेवटच्या ओव्हरसाइजच्याही पलीकडे गेला तरी ब्लॉक मेला असं नाही. स्लीव्ह बसवून बोअर पुन्हा मूळ मापावर आणता येतो. गेलेला धातू परत मिळण्याचं हे एक ठिकाण. म्हणून एका सिलिंडरला खोल ओरखडा असेल तर त्या एकालाच स्लीव्ह घालायची, बाकीच्यांचा धातू उगाच खर्चायचा नाही.

ब्लॉकच्या तड्यांमध्ये प्रकार आहेत. थंडीत पाणी गोठून जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीला जाणारा लांब तडा दिसतो भयंकर, पण त्या भिंतीवर भार फारसा नसतो. मेटल स्टिचिंगने, म्हणजे तड्यावर ओळीने भोकं पाडून एकमेकांत अडकणारे आट्याचे स्क्रू आणि कड्या ठोकून, तो थंडच्या थंड शिवता येतो. बिडाला, म्हणजे कास्ट आयर्नला, एकाच जागी दिलेली उष्णता सोसत नाही. वेल्डिंग करायचंच तर अख्खा ब्लॉक भट्टीत तापवावा आणि हळूहळू गार करावा लागतो, नाहीतर शेजारी नवा तडा जातो. ‘जागच्या जागी टाका मारून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. मेन बेअरिंगला धरणाऱ्या ब्लॉकच्या आतल्या भिंतीतून जाणारा तडा मात्र वेगळाच. क्रँकचा सगळा मार तिथे बसतो. तिथे मी दुसरा ब्लॉक शोधेन.

क्रँक आणि बेअरिंग

इथेच मी फसलो होतो, म्हणून जरा थांबतो. क्रँकच्या जर्नलवर बारीक ओरखडे होते. मी तो थेट ग्राइंडिंगला दिला, दहा थाऊ काढून आणला, आणि मग शेल शोधायला लागलो. त्या मापाचे शेल कुठेच नव्हते. पुढचे मिळत होते, म्हणून आणखी दहा थाऊ गेले. शिवाय ग्राइंडिंग करणाऱ्याने जर्नल आणि वेबच्या (जर्नलांना जोडणाऱ्या बाहूच्या) कोपऱ्यातली गोलाई ठेवली नाही, कोपरा काटकोनात कापला. त्याच कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच क्रँक तुटतो. तो क्रँक आता माझ्याकडे भिंतीला टेकून उभा आहे.

तेव्हा क्रम असा: आधी मायक्रोमीटरने माप, मग शेल हातात, आणि मग ग्राइंडिंग. प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी, दर ठिकाणी काटकोनात दोनदा मोजा. अंडाकृतीपणा एक थाऊच्या आत असेल आणि ओरखडा नखाला लागत नसेल तर नुसतं पॉलिश पुरतं. ग्राइंडिंग द्यायचंच झालं तर कोपऱ्याच्या गोलाईचं मूळ माप कागदावर लिहून द्या. क्रँक नायट्राइड केलेला, म्हणजे नायट्रोजनने वरून कडक केलेला, आहे का तेही आधी पाहा. त्याचा कडक थर वरच्या वर, मिलिमीटरच्या अंशाएवढाच असतो, ग्राइंडिंगमध्ये तो निघून जाऊ शकतो.

फार जुन्या इंजिनांत शेल नसतातच. तिथे व्हाइट मेटल, म्हणजे बॅबिट, थेट ब्लॉकमध्ये आणि रॉडमध्ये ओतलेलं असतं. आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना. तिचा मूळ मिश्रधातू कथील, अँटिमनी आणि तांब्याचा. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) सगळी अशीच. शेव्हरोलेच्या सहा सिलिंडर इंजिनात तर १९५३ पर्यंत रॉडला हेच होतं. नवशिके याला घाबरतात आणि लगेच शेल बसवून घ्यायला निघतात. माझा सल्ला उलटा आहे. व्हाइट मेटल हव्या त्या मापाला ओतता येतं, त्यामुळे शेल मिळत नाहीत म्हणून क्रँक वाया जात नाही. ढिलाई थोडीच असेल तर कॅपखालचे ते पातळ शिम एकेक काढून ती घेता येते. शिम असतातच त्यासाठी. मात्र पृष्ठभाग उन्हात वाळलेल्या चिखलासारखा भेगाळला असेल, पापुद्रे निघत असतील, किंवा कॅप दाबल्यावर कडेतून ऑइल फुटत असेल, म्हणजे धातू पाठीपासून सुटलाय, तर नवं ओतायलाच हवं. ते घरी करायचं काम नव्हे.

ढिलाई मोजायला प्लास्टिगेजची बारीक दोरी मिळते. जर्नलवर ठेवून कॅप आवळायची, सोडायची आणि चपटलेल्या दोरीची रुंदी पट्टीशी ताडायची. जर्नलच्या दर इंच व्यासाला सुमारे एक थाऊ हा शेलसाठीचा साधारण अंदाज, तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल मिळालं तर त्याचंच ऐका.

जे तुटलं तर सगळं नेतं

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट जुने वापरायचे नाहीत. यावर मी वाद घालत नाही, सुरुवातीला सांगितलेला तो ब्लॉक अशाच एका बोल्टने फोडला होता. रॉड स्वतः तडा तपासून, वाक आणि पीळ बघून परत घेता येतो. अपवाद ड्युरॅल रॉडचा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही इंजिनांत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे रॉड असत. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते जवळजवळ अमर्याद फेरे काढतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, प्रत्येक फेरा त्याच्या आयुष्यातून वजा होतो. नव्वद वर्षांचा ड्युरॅल रॉड कितीही चकचकीत दिसला तरी त्याची जागा शोकेसमध्ये.

पिस्टनही फारसे वाचवू नका. रिंगच्या खाचा रुंद झाल्या, स्कर्ट आत दबला किंवा पिनेच्या बॉसपाशी (पिन बसते त्या जाड भागापाशी) तडा दिसला की संपलं. पिस्टन मापानुसार बनवून मिळतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाही तोच न्याय लावा. जुन्या काळच्या पोलादापेक्षा आजचं पोलाद कितीतरी उष्णता सोसतं.

कॅम आणि टॅपेट

सपाट टॅपेटचं तोंड खरं तर किंचित फुगीर असतं. सरळ पट्टी ठेवून मधे खड्डा दिसला तर तो टॅपेट ग्राइंड करून घ्या किंवा बदला. नव्या कॅमवर जुने घासलेले टॅपेट कधीच बसवू नका, थोड्याच वेळात दोन्ही जातील. कॅमचे लोब (उंचवटे) पुन्हा ग्राइंड होतात. जोडल्यावर झिंकचं अॅडिटिव्ह असलेलं ऑइल वापरा.

हेड, सीट आणि शिशाची भीती

हेडवर चांगली स्ट्रेट एज आडवी-तिडवी ठेवून खाली फिलर गेज घालून बघा. दोन-चार थाऊंपर्यंत चालतं, त्याहून जास्त असेल तर फेसिंग. ॲल्युमिनियम हेड पाण्याच्या वाटांभोवती कुरतडलेलं असेल तर वेल्डिंगने भरून फेसिंग करता येतं. फार तापलेलं हेड मऊ पडलेलं असू शकतं, म्हणून आधी कडकपणा मोजून घ्या.

आता शिसं. जुन्या गाडीला शिसेविरहित पेट्रोल चालत नाही, म्हणून कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह ज्यावर बसून बंद होतो त्या कड्या) बसवल्याच पाहिजेत, असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. शिसं घातलेलं पेट्रोल १९२३ मध्ये विकायला आलं. त्याआधीची इंजिनं शिशाशिवायच जन्मली आणि चालली. नंतरच्या इंजिनांत शिशामुळे सीटला संरक्षण मिळे हे खरं, आणि जोरात, सतत पळणाऱ्या इंजिनात सीट खोल जाते हेही खरं. पण सुट्टीच्या दिवशी हळू फिरणाऱ्या गाडीत हे सावकाश होतं. टॅपेटची फट नोंदवत राहा. ती वारंवार कमी होत असेल तर सीट खाली जातेय, तेव्हा इन्सर्टचा, म्हणजे त्या वेगळ्या कडक सीटचा, विचार करा. इन्सर्टसाठी खोदताना खालच्या वॉटर जॅकेटची भिंत पातळ होते, आणि एकदा तिथे भोक पडलं की होतं नव्हतं ते हेडही जातं. पेट्रोलमधल्या इथेनॉलची काळजी मला जास्त वाटते. जुन्या बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा लेप इथेनॉलमध्ये विरघळतो, आणि पंपाचा जुना रबरी डायाफ्राम फुगून फाटतो. हे दोन्ही पार्ट न बघताच बदला.

जुनं ते सोनं नव्हे

जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने १९२० च्या दशकातलं जस्ताचं कार्ब्युरेटर हातात घेतलेलं नसतं. त्या काळच्या जस्ताच्या ओतकामात शिसं आणि कथील यांची अशुद्धी राही. ती दाण्यांच्या सीमांवर आतून कुरतडत जाते. पार्ट फुगतो, वाकतो, बिस्किटासारखा फुटतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्ताचा झामॅक आणल्यावर हे खूप कमी झालं. फुगलेल्या बॉडीवर वेल्डिंग, एपॉक्सी, सोल्डर काहीही करू नका. झीज असली तर थ्रॉटल शाफ्टला बुश घालता येतो, पण धातूच सडला असेल तर दुसरं कार्ब्युरेटर शोधा. वॉटर पंप याच्या उलट. बिडाची बॉडी शाबूत असली तर नवा शाफ्ट, बुश आणि सील घालून तो पुढची कित्येक वर्षं चालतो, आणि बिघडलाच तरी सोबत फारसं काही नेत नाही. अशा पार्टवर दुरुस्तीचा प्रयोग करून हात बसवा.

मशीन शॉपकडे जाताना

पिस्टन हातात येईपर्यंत बोअरिंग नाही. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाला बोअर करून घ्यायचा. काय हवं ते आकड्यांत लिहून द्या, तोंडी नको. काम झाल्यावर त्यांनी धुऊन दिलं तरी तुम्ही पुन्हा धुवा, गरम साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने, पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत. लगेच ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरेल.

नवीन आणलेला पार्टही मोजल्याशिवाय बसवू नका. पाकीट सीलबंद असलं तरी जुन्या साठ्यातलं रबर कडक झालेलं असतं, आणि प्रतिकृती म्हणून बनवलेले पार्ट कधी कधी दिसायला हुबेहूब, मापाला भलतेच निघतात. बदललेला मूळ पार्ट तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा. वर लिहा: कुठल्या इंजिनाचा, का काढला, माप किती. पुढे कोणी स्लीव्ह घालेल, कोणी नवं ओतेल, तेव्हा त्याला हे माप लागेल.